क्रेकशॉचा आठवा दौरा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

ही वही खरं तर ऑर्डरी लिहायला आणली होती. पहिल्या पानावर एका जिमच्या बोर्डाचं माप आहे, ते तसंच राहू दे. बाकीच्या पानांवर आजपासून माझी दैनंदिनी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आयुष्यात काही घडलं तर माणसाने ते लिहून ठेवावं.

घडलं असं. दुबईतल्या अल क्वोजच्या माझ्या वर्कशॉपमध्ये सकाळी एक गोरे आजोबा आले. धिप्पाड, आणि कान असे चुरगळलेले की मला वाटलं कधीतरी मोठा अपघात झाला असावा. नाव डेनिस हॅकेट, वय त्र्याहत्तर, इथे मुलीकडे राहतात. त्यांना एक बोर्ड हवा होता. सागवानी, चार फूट, सोनेरी वर्खाची अक्षरं. उत्तर इंग्लंडातल्या क्रेकशॉ नावाच्या गावाचा रग्बी क्लब यंदा शंभर वर्षांचा झाला. त्या क्लबचे हे जुने सेक्रेटरी. क्लबने आजवर केलेले परगावचे दौरे बोर्डावर लिहायचे: वर्ष, ठिकाण, निकाल.

यादीत सात दौरे होते, १९३४ पासून २०११ पर्यंत. सातही ठिकाणी निकाल एकच. हरले.

"सर, हे असं सागवानावर लिहून भिंतीवर लावणार?" मी न राहवून विचारलं.

"आठवी ओळ रिकामी ठेवा," ते म्हणाले. "टीम पुढच्या महिन्यात इथे येतेय. एकच सामना आहे. परत जाताना बोर्ड घेऊन जाईल."

मी स्वभावाने शांत माणूस आहे. पण 'आठवी ओळ' हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. चहाचा कप भिवाच्या रंधा मारलेल्या फळीवर सांडला. भिवा म्हणजे माझा सुतार, कणकवलीचा. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हॅकेटसाहेब क्लबची खोकंभर जुनी मिनिट बुकं, म्हणजे बैठकांच्या नोंदवह्या, घेऊन आले. त्यातून बारा पानांची छोटी पुस्तिका करायची, सामन्याच्या दिवशी वाटायला. फोटो आणि चार तारखा, बस. मी म्हणालो, "सर, यू लीव्ह इट टू मी." आयुष्यात माझ्या हातून जे काही बरं-वाईट झालं ते याच वाक्यानंतर झालं. ते बाहेर पडेपर्यंत मी त्यांना क्लबचा साठ पानी इतिहास कबूल करून बसलो होतो.

घरी मरियमबी म्हणाली, "तुम्हाला रग्बी म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे?"

"शिकेन की. माणूस शिकतो."

आमची सफा कॉलेजात आहे. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, टिल यस्टर्डे यू थॉट देअर वर हॉर्सेस इन इट."

१८ ऑक्टोबर, शनिवार

नऊ दिवस वाचतोय. डोळे लाल झालेत. मरियमबी म्हणते, मेहुण्याच्या निकाहाची तयारी करतानाही तुम्ही एवढे जागे नव्हता.

लोकांना वाटतं इंग्रज म्हणजे फार शिस्तीचे. क्रेकशॉचं मिनिट बुक वाचलं तर आमच्या हर्णैच्या मशिदीच्या जमातीचं वाचतोय असं वाटतं. १९३१ साली एका सभासदाने मागणी केली की सामन्यानंतर आंघोळीला गरम पाणी हवं. ठरलं काय, तर विचार करू. १९३२, विचार चालू आहे. मग लढाई आली. १९४७ साली त्याच सभासदाने तीच मागणी केली. १९५८ साली गरम पाणी आलं, आणि पहिल्या बैठकीत तक्रार आली की फारच गरम आहे.

मैदान पाद्र्याच्या कुरणात होतं. पहिल्या वर्षी तेवीस सामने, तेवीस पराभव, आणि एका गाईला दुखापत. गाईला बरं वाटावं म्हणून ठराव पास केलाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. १९७८ साली क्लब एक पायरी वर चढला आणि १९७९ साली खाली उतरला. आपल्या जिल्ह्यात हे लोक जिंकतात, अगदी बऱ्यापैकी जिंकतात. हद्द ओलांडली की काय होतं कोण जाणे.

मी या लोकांच्या प्रेमात पडलोय. सरळ लिहितो, कुणाची चोरी आहे?

२७ ऑक्टोबर, सोमवार

चेंडू आणला. एकशे वीस दिऱ्हम. "म्हणजे एकोणतीसशे रुपये, एका चपट्या चेंडूला!" असं मरियमबी मोठ्याने म्हणाली, तीन वेळा. चेंडू अंड्यासारखा असतो आणि पुढे धावायचं असलं तरी तो मागेच फेकायचा. हे मी भिवाला आणि वेल्डर शाहबाजला वर्कशॉपमध्ये समजावलं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात ते. आम्ही तिघांनी एका कपाटाविरुद्ध स्क्रम केली. कपाट जिंकलं.

घरी मी जेवताना रोज एक नियम सांगतो. सफा हेडफोन लावते. मरियमबी मात्र भेंडी चिरता चिरता काहीबाही विचारत असते. किती मिनिटांचा खेळ? मी म्हटलं, चाळीस आणि चाळीस. मधे किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं. रेटायला ताकद लागत असेल ना, पोटात? मी म्हटलं, मरियम, तुला नाही कळायचं हे, हा मनाचा खेळ आहे. तिने मान हलवली आणि भेंडी चिरत राहिली. बिचारी ऐकून घेते हेच खूप आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हॅकेटसाहेबांनी १९७९ ची गोष्ट सांगितली.

वेल्समधला दौरा. शेवटचं मिनिट, क्रेकशॉ दोन गुणांनी मागे, आणि पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे चेंडू जमिनीवर ठेवून दोन खांबांच्या मधून मारायचा, गेला तर तीन गुण. मारणार होते सत्तावीस वर्षांचे डेनिस हॅकेट. अगदी समोरून. त्यांच्या आजीनेसुद्धा मारला असता, असं ते म्हणाले. चेंडू खांबाला लागून परत आला.

"कुणी मला एका शब्दाने बोललं नाही," ते म्हणाले. "बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते. शेहेचाळीस वर्षं झाली. मला फक्त एकदा, एकदाच, आमची पोरं बाहेरगावी जिंकलेली बघायची आहेत. पुढच्या दौऱ्याला मी असेन असं डॉक्टर म्हणत नाहीत."

मी रडलो. मला रडायला फार लागत नाही हे खरं, पण आज भिवापण वळून उभा राहिला होता. ते गेल्यावर मी बोर्डावरच्या आठव्या ओळीत पेन्सिलीने हलकेच 'जिंकले' लिहून ठेवलं. अल्लाह माफ करो, पण जागेचा अंदाज घ्यावाच लागतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टीम आली! एकोणीस जण. थेट विमानतळावरून हॅकेटसाहेब त्यांना वर्कशॉपमध्ये घेऊन आले. कोण प्लंबर, कोण शाळामास्तर, एक गुरांचा डॉक्टर. कप्तान टोबी दुधाची गाडी चालवतो. मी प्रत्येकाला त्याच्या आजोबांबद्दल सांगितलं. गुरांच्या डॉक्टरच्या पणजोबांनीच ती गाय तुडवली होती! त्याला हे माहीतच नव्हतं. त्याने मला उचलून घेतलं.

आनंदाच्या भरात मी जाहीर केलं की शनिवारी सामन्याच्या दिवशी सगळ्यांचं जेवण माझ्याकडून. मैदानावरच, तंबू टाकून.

सफा म्हणाली, "आफ्टर द मॅच, राइट? दॅट्स द कस्टम. होम टीम फीड्स देम आफ्टर."

मला हसूच आलं. पाहुणा साडेबाराला दारात येणार आणि मी त्याला सांगणार की आधी ऐंशी मिनिटं मार खा, मग जेव? आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा असं कोणी करत नाही. रिकाम्या पोटी माणूस धावेल कसा?

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी तीन

सामना सुरू व्हायला अर्धा तास आहे, तंबूत बसून लिहितोय. जेवणं झाली, आणि काय झाली!

मरियमबीने पहाटेपासून रांधलं. मटण पुलाव, वडे आणि कोंबडीचा रस्सा, सांदणं आणि नारळाचं दूध. वाढायला मी स्वतः उभा राहिलो, हात आखडता घेतला नाही. इंग्रज एवढं जेवतात हे मला ठाऊक नव्हतं. ताट वाढलं की रिकामं, वाढलं की रिकामं! मी तिसऱ्यांदा वाढलं, तेही संपवलं. टोबी म्हणाला, "इट्स लव्हली, रियली, बट..." मी म्हटलं, "नो बट, हबीबी," आणि चार वडे घातले. त्याने तेही खाल्ले. गुरांच्या डॉक्टरने सात सांदणं खाल्ली. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला घट्ट आलिंगन द्यावंसं वाटलं.

समोरची टीम इथलीच आहे, त्यांचा कप्तान फहद म्हणून उमदा तरुण. मी त्यांनाही बोलावलं, पण ते नको म्हणाले, सामन्याआधी फक्त केळं खातात म्हणे. म्हटलं, बरं, तुमची मर्जी.

एका गोष्टीचं वाईट वाटलं. हॅकेटसाहेबांनी ताटाला हातच लावला नाही. त्यांनी टीमकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून राहिले. म्हातारे आहेत, दडपण आलं असेल.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी

नीट क्रमाने लिहितो.

शिट्टी झाली. क्रेकशॉची पोरं धावली. म्हणजे निघाली. पहिल्या पाच मिनिटांत गुरांचा डॉक्टर पळता पळता थांबला आणि क्षितिजाकडे बघत उभा राहिला. फहदच्या टीमने चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, त्याला ट्राय म्हणतात, त्याचे पाच गुण. मग आणखी एक. स्क्रममध्ये आमची पोरं अशी मागे जात होती की जणू त्यांनाच तिकडे जायचं होतं.

"व्हॉट डिड यू डू, अब्बा?" सफा म्हणाली.

"मी? मी काय केलं?"

तेव्हा तिने मला समजावलं, आणि पहिल्यांदाच मराठीत, कारण मला नीट कळायला हवं होतं. "अब्बा, ते लोक ताट रिकामं करतात ते मॅनर्स म्हणून. टाकलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि तुम्ही रिकामं ताट बघून वाढत गेलात. ते बिचारे तुमच्यासाठी खात होते!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शंभर वर्षांची टीम मी पुलाव घालून गारद केली होती. हाफ टाइमला स्कोर झाला चोवीस-शून्य.

मी धावत हॅकेटसाहेबांकडे गेलो. "सर, माझी चूक. सगळी माझी चूक. तुमची आठवी ओळ मी खाऊ घातली." ते हसले. हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात जड लागला. "खैरुद्दीन, आजवर आम्हाला कुणी एवढ्या प्रेमाने हरवलेलं नाही," ते म्हणाले. मी जमिनीत गडप व्हायला तयार होतो.

आणि त्याच वेळी मरियमबीने माझी मान आणखी खाली घालायला लावली. उरलेला सगळा पुलाव, उरलेले वडे, सांदणांचं अख्खं पातेलं, सगळं घेऊन ती फहदच्या टीमच्या बाकांकडे गेली! भिवा आणि शाहबाज पातेली उचलून मागे. मी तिथे पोचेपर्यंत तिने फहदला खाली बसवलंही होतं.

"नो नो आंटी, आफ्टर द गेम."

"आफ्टर-बिफ्टर काय नाय. तुमच्या मैदानात आम्ही पाहुणे जेवलो आणि यजमान उपाशी? शोभतं का? चोवीस-शून्य झालंय ना, बेटा? मग मॅच खलास. यल्ला, चल, बस. मी आईसारखी आहे की नाही?"

आता आई म्हटल्यावर तो काय करणार? मॅच तर खरंच खलास होती. पोरं हसत हसत बसली. एकाने वडा खाल्ला, मग सगळ्यांनी. मरियमबी स्वतःच्या हाताने वाढत होती. वाढण्यात मी काहीच नाही, आग्रह म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. आणि आमच्या पाहुण्यांना काय दिलं? ओव्याचं गरम पाणी! सफाच्या हातून, थर्मासमधून, एकेक कप. पुलाव यजमानांना आणि पाहुण्यांना ओव्याचं पाणी! मी तिला बाजूला घेऊन रागाने म्हटलं, "मरियम, तुला खेळातलं कळत नाही ते ठीक, पण रीतभातसुद्धा विसरलीस?"

"हो का," ती म्हणाली, "चुकलंच माझं." आणि फहदच्या ताटात आणखी एक सांदण घातलं.

हॅकेटसाहेब लांबून हे सगळं बघत होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. उकडत असावं.

दुसरा हाफ कसा सांगू? पहिली दहा मिनिटं मैदानावर सगळेच चालत होते. रेफरी एकटाच पळत होता. मग क्रेकशॉच्या बाजूने एकापाठोपाठ ढेकर ऐकू आले आणि प्लंबर धावायला लागला. खरंच धावायला! त्याला अडवायला फहदचे दोघे निघाले आणि मध्येच एकमेकांना टेकून उभे राहिले. ट्राय! त्यावर चेंडू खांबांमधून मारला, दोन गुण आणखी. सात. मग शाळामास्तराचा ट्राय. मग गुरांच्या डॉक्टरचा, सात सांदणांसकट. मी भिवाच्या पाठीवर चढलो होतो हे मला नंतर कळलं. शेवटून चौथ्या मिनिटाला टोबीने आणखी एक टेकवला. सात, पाच, पाच आणि पाच, बावीस. चोवीस-बावीस!

आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. अगदी समोरून. दोन गुणांनी मागे.

मी हॅकेटसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मैदानाकडे पाठ केली होती. "मी बघणार नाही," ते म्हणाले. "तू बघ आणि सांग." टोबीने चेंडू ठेवला, चार पावलं मागे आला, तोंडावर हात धरून थोडा वेळ थांबला, आणि मारला.

"सर," मी म्हणालो. मी फक्त त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. खांबांजवळच्या दोन्ही पंचांचे झेंडे वर होते, म्हणजे चेंडू मधून गेला होता. पंचवीस-चोवीस.

रग्बीत रीत आहे, हरलेली टीम दोन रांगा करून जिंकलेल्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ देते. फहदची पोरं उभी राहिली, एक हात पोटावर, म्हणून टाळ्या मांडीवर वाजवल्या. क्रेकशॉच्या पोरांनी आधी हॅकेटसाहेबांना पुढे घातलं. ते चुरगळलेले कान लालभडक झाले होते. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत त्या रांगेतून चालत गेला.

मनाचा खेळ आहे, मी म्हटलंच होतं. जिद्द असली की पुलाव काय करणार?

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठव्या ओळीवरची पेन्सील पुसली आणि सोनेरी वर्ख चढवला: २०२५, दुबई, जिंकले. हॅकेटसाहेब बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खाली अजून एक ओळ मावेल?"

क्रेकशॉची पद्धत आहे म्हणे, दौऱ्यावर सामना जिंकला तर जिंकून देणाऱ्याचं नाव बोर्डावर लिहायचं. १९३३ साली ठराव झालाय, अमलात आणायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, अर्थात, टोबीचं आडनाव कसं लिहायचं तेवढं सांगा. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. खाली एकोणीस जणांच्या सह्या होत्या, आणि फहदचीसुद्धा.

चिठ्ठीवर नाव होतं मरियमबी मुकादम.

"सर, काहीतरी गोंधळ आहे," मी म्हटलं. "तिने तर समोरच्या टीमला जेवू घातलं. तुम्हाला नुसतं पाणी दिलं. मी तिला बोललोपण त्याबद्दल."

"हो, तू तिला बोलताना मी पाहिलं," हॅकेटसाहेब म्हणाले. "नाव बरोबर लिहिलंय ना तेवढं बघ."

नाव बरोबर होतं. मी स्टूलावर बसलो. पाणी प्यायलो. मग घरी फोन लावला.

"मरियम, शनिवारी तू नक्की काय केलंस?"

"काय केलं? वाढलं. तुम्हीपण वाढलंतच की."

"तुला ठाऊक होतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "अवो, पंधरा दिवस तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या एका लाथेसाठी रोज जेवताना रडत होतात. मी ऐकत होते ना." आणि फोन ठेवला.

सत्तावीस वर्षं मी दुबईत लोकांची नावं सोन्यात लिहितोय. बँकांची, शाळांची, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा डायरेक्टरांची. आज तिचं नाव लिहिलं. सोळा अक्षरं इंग्रजीत, आणि एकेका अक्षराला दहा दहा मिनिटं घेतली. भिवा म्हणाला, एवढा वेळ का लावताय? मी म्हटलं, वर्ख पातळ आहे. उद्या हा बोर्ड इंग्लंडला जाईल आणि क्रेकशॉतली माणसं बिअर पिता पिता तिचं नाव वाचतील. वर्ख वाळायला दोन तास लागतात. मी दोन्ही तास तिथेच बसून राहिलो, कुणाला हात लावू दिला नाही.